नकाशात चार मीटर, बांबूला दीड मीटर: जलाशयाचा खोली-नकाशा चुकतो तेव्हा काय तपासायचं

विदर्भातल्या धरणांचे जलाशय घ्या. गोसीखुर्द असो, इटियाडोह असो की अप्पर वर्धा, मच्छीमार संस्थांच्या होड्यांवर आता फिशफाइंडर, म्हणजे पाण्यात आवाज सोडून खोली मोजणारं यंत्र, दिसतो. तो नसला तर नावाड्याच्या फोनमध्ये खोलीचा नकाशा तरी असतोच. तक्रारही ठरलेली असते: नकाशात पाणी भरपूर दिसतं आणि इंजिनाचा पंखा चिखलात रुततो, नाही तर बुडालेल्या झाडाच्या बुडख्यावर आदळतो. मग सेन्सर बदलायचा, नवीन यंत्र घ्यायचं, अशी बोलणी सुरू होतात. ही दुरुस्ती मी पुन्हापुन्हा करतो, म्हणून आधीच सांगतो, बहुतेक वेळा यंत्र चांगलं असतं. जलाशयात आज पाणी किती आहे, एवढंच नकाशाला माहीत नसतं. तेव्हा खर्च करण्याआधी खालच्या क्रमाने तपासा. पहिल्या तीन-चार तपासण्यांना जवळजवळ काहीच पैसे लागत नाहीत आणि दोष सहसा तिथेच सापडतो.

आधी लक्षण ओळखा

फरक कसा पडतो, ते दोन-तीन दिवस वहीत लिहा. त्यावरून अर्धं निदान होतं.

- नकाशा सगळीकडे सारखाच चुकतो, म्हणजे काठालाही दीड मीटर आणि मधेही दीड मीटर. हा पाणीपातळीचा किंवा सेन्सरच्या ऑफसेटचा, म्हणजे सेन्सर पाण्याखाली किती आहे त्याच्या हिशेबाचा, प्रश्न आहे.
- उथळ पाण्यात फरक थोडा आणि खोल पाण्यात त्याच प्रमाणात जास्त. एककाचा किंवा पाण्याच्या प्रकाराच्या सेटिंगचा घोळ असू शकतो.
- काही जागी बरोबर, काही जागी साफ चूक. नकाशा अपुऱ्या मोजणीवरचा असेल, किंवा तिथला तळ नंतर बदलला असेल.
- नाव पाण्यात आणि नकाशावर मात्र पाळीवर किंवा बेटावर. इथे खोलीचा संबंध नाही, जागा सरकली आहे.
- आकडा नाचतो, अचानक दुप्पट होतो, वेग वाढवला की गायब होतो. आता सेन्सर, वायर किंवा बॅटरीकडे वळा.
- नकाशावर सरळ रेघेत लांबलचक उंचवटा दिसतो, पण बांबूला लागत नाही. हा तळ नव्हे. दोन वेगळ्या पातळ्यांवर घेतलेल्या नोंदी एकत्र चिकटवल्याची ती खूण आहे.

१. बांबू आणि दोरी

इंजिन बंद करा, नाव स्थिर होऊ द्या आणि तीन ठिकाणी खोली मोजा: काठाजवळ, मध्यम पाण्यात आणि नदीच्या जुन्या पात्रावर. जिथपर्यंत पोचतो तिथपर्यंत बांबू वापरा, त्यापुढे वजन बांधलेली दोरी. नायलॉनची दोरी भिजली की ताणते, म्हणून खुणा ओल्या दोरीवर करा. वजन बुडाला सपाट असू द्या. टोकदार वजन गाळात घुसतं आणि खोली जास्त भरते.

प्रत्येक ठिकाणी तीन आकडे लिहायचे: बांबूचा, यंत्राच्या सोनारचा (आवाजाने खोली मोजणाऱ्या भागाचा) थेट आणि नकाशाचा. सोनारचा आकडा आणि नकाशाचा आकडा वेगवेगळे असतात, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. सोनार या क्षणी नावेखाली किती पाणी आहे ते मोजतो. नकाशा कुणीतरी कधीतरी मोजलेलं दाखवतो. बांबू आणि सोनार जुळले आणि नकाशा जुळला नाही, तर सेन्सरवर एक रुपयाही घालवू नका. बांबू आणि सोनारच जुळत नसतील, तर नकाशा तूर्त बाजूला ठेवा आणि थेट चौथ्या व सातव्या मुद्द्याकडे जा.

२. फूट की मीटर

सेटिंगमध्ये जाऊन एकक पाहा. यंत्र फुटांत आणि फोनचा नकाशा मीटरमध्ये, अशी जोडी बऱ्याच नावांवर सापडते. काही यंत्रांत फॅदमही असतो, म्हणजे सहा फूट, आपल्याकडच्या एका वावेएवढा. नकाशा आणि सोनार यांच्या आकड्यांत जवळपास ३.२८ पट फरक असेल तर दोष इथेच आहे.

तिथेच पाण्याचा प्रकारही पाहा. समुद्राचं पाणी निवडलेलं असेल तर गोडं पाणी करा. खाऱ्या पाण्यात आवाज थोडा जास्त वेगाने जातो, त्यामुळे आपल्या जलाशयात सुमारे तीन टक्के चूक येते, म्हणजे दहा मीटरला तीसेक सेंटिमीटर. तापमानाचा परिणाम याहूनही किरकोळ. गोड्या पाण्यात आवाजाचा वेग २० अंशांना सेकंदाला १,४८२ मीटर असतो आणि ३० अंशांना १,५०९ मीटर. पाच मीटर खोलीला हा फरक दहा सेंटिमीटरही होत नाही, त्याच्या मागे लागू नका.

३. आजची पाणीपातळी

इथे घाई करू नका, कारण बहुतेक तक्रारींचं मूळ इथे आहे. समुद्राच्या नकाशात खोली कुठल्या पातळीपासून मोजली ते ठरलेलं असतं. जलाशयाच्या नकाशात ते लिहिलेलं असेलच असं नाही. आपले जलाशय तर वर्षभरात काही मीटर वर-खाली होतात. पावसाळ्यानंतर भरतात आणि रब्बीच्या पाळ्या सुटल्या, पिण्याचं पाणी उचललं, ऊन तापलं की उतरत जातात. नोव्हेंबरात केलेल्या नकाशात चार मीटर दिसणाऱ्या जागी मे महिन्यात दीड मीटर असणं ही नकाशाची लबाडी नाही. तो नोव्हेंबरचं खरं सांगतो.

यावर उपाय एकच आहे आणि तो कायमचा आहे. नकाशातला आकडा खोली म्हणून लक्षात ठेवू नका, त्याची तळाची उंची करून घ्या. धरणावरची पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये मोजतात. गोसीखुर्दची पूर्ण जलाशय पातळी २४५.५० मीटर आहे. समजा, नकाशासाठी मोजणी झाली त्या दिवशी पातळी २४४.०० होती आणि एका जागी नकाशा ३.२ मीटर दाखवतो. म्हणजे त्या जागी तळ २४०.८० वर आहे. आज पातळी २४२.३० असेल, तर २४२.३० वजा २४०.८०, पाणी उरलं दीड मीटर. तळाची उंची एकदा वहीत आली की वर्षभर फक्त वजाबाकी करायची.

पातळी धरणावरच्या गेजपट्टीवर किंवा पाणी उचलण्याच्या विहिरीवर रंगवलेल्या आकड्यांत वाचता येते. पाटबंधारे शाखेत तिची रोज नोंद होते आणि जलसंपदा विभागाच्या रोजच्या साठा-अहवालातही ती असते. फोनचा जीपीएस जी उंची दाखवतो ती यासाठी अजिबात वापरू नका. ती वेगळ्या पृष्ठभागापासून मोजलेली असते आणि धरणाच्या आकड्याशी तिचा मेळ कित्येक मीटरने चुकतो.

गावतलावावर, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतल्या माजी मालगुजारी (पूर्वी मालगुजारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या ताब्यातल्या) तलावांवर, बऱ्याचदा गेजपट्टी नसते. तिथे सांडव्याच्या भिंतीचा माथा शून्य धरा आणि पाणी त्याच्या किती खाली आहे ते टेपने मोजा. हे तलाव मुळातच उथळ, त्यामुळे अर्ध्या मीटरच्या फरकाने वाट बंद होते.

एक मर्यादा लक्षात असू द्या. पूर येत असताना किंवा दारं उघडी असताना जलाशयाचं पाणी सगळीकडे एका पातळीत नसतं. गोसीखुर्दच्या भिंतीजवळची पातळी जलाशयाच्या वरच्या भागात, अंभोऱ्याच्या बाजूला, लागू पडेलच असं नाही. ही वजाबाकी शांत पाण्यासाठी, साधारण नोव्हेंबर ते मे या काळासाठी आहे.

४. सेन्सर पाण्याखाली किती आहे

सोनार खोली सेन्सरपासून मोजतो, पाण्याच्या पृष्ठभागापासून नाही. सेन्सर तीस सेंटिमीटर खाली बसवला असेल तर आकडा तेवढाच कमी येतो. यंत्रातला ऑफसेट ही तूट भरून काढायला असतो. काही जण तो पंख्याच्या खालच्या टोकापासून खोली दाखवण्यासाठी लावतात. दोन्ही पद्धती चालतात, पण नावेवरच्या सगळ्यांना कोणती लावली आहे ते माहीत हवं. चिन्ह उलट पडलं तर चूक कमी होण्याऐवजी दुप्पट होते. अधिक आणि वजा यांचा अर्थ प्रत्येक कंपनीत सारखा नसतो, म्हणून पुस्तिकेवर विसंबू नका, दोन मीटर पाण्यात बांबूशी ताडून ठेवा.

नकाशा याच यंत्राने नोंदवलेला असेल तर चुकीचा ऑफसेट त्यातही उतरलेला असतो. ऑफसेट आज सुधारल्याने जुनी नोंद सुधारत नाही.

५. नाव नकाशावर कुठे दिसते

गेजच्या विहिरीला किंवा घाटाच्या पायरीला नाव लावा आणि उपग्रहचित्रावर तिची खूण कुठे पडते ते पाहा. उघड्या पाण्यावर चांगला फोन पाचेक मीटरच्या आत जागा दाखवतो. दहा मीटरपर्यंत फरक आला तरी चालवून घ्या, मात्र उभ्या खुंटांच्या पट्ट्यात तेवढ्यावर भरवसा ठेवू नका. थांबलेल्या नावेचा बाण भलतीकडे फिरत असेल तर ते बिघाडाचं लक्षण नाही, जीपीएसला दिशा चालत्या नावेवरूनच कळते.

फरक शंभर मीटरच्या वर आणि सगळीकडे एकाच दिशेला असेल, तर नकाशा जुन्या टोपोशीटवर, म्हणजे सर्वेक्षण खात्याच्या छापील भूनकाशावर, बसवलेला असण्याची दाट शक्यता आहे. अक्षांश-रेखांश मोजायला पृथ्वीचा जो आकार धरतात त्याला आधार म्हणतात. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्ट आधारावर आहेत आणि जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ आधारावर चालतो. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वांसाठी खुले झालेले नकाशे मात्र डब्ल्यूजीएस ८४ वरच आहेत. जुनं टोपोशीट तरीही टाकून देऊ नका. धरण होण्याआधीची नदी, नाले, गावं आणि रस्ते त्यात दिसतात. नीट सरकवून बसवलं तर बुडालेल्या तळाची इतकी चांगली ओळख दुसरीकडे मिळत नाही.

६. नकाशा कशावरून बनला

ॲपमध्ये निळ्या छटा आणि गोलाकार रेषा दिसल्या की कुणीतरी सगळा तळ मोजला असं वाटतं. प्रत्यक्षात एखादी नाव काही रेघांवरून फिरलेली असते आणि मधली जागा सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं. रेघा शंभर मीटर अंतरावर असतील तर मधली विहिरीची जगत, देवळाचा चौथरा किंवा मोहाचा बुडखा नकाशात येणारच नाही. शक्य असेल तिथे नावेच्या मूळ वाटा दाखवायचा पर्याय चालू करा. वाटेवरच्या आकड्यावर विश्वास ठेवा. वाटांमधल्या आकड्यावर पंखा वर उचलून जा.

सोनारचीही मर्यादा आहे. २०० किलोहर्ट्झचा साधा सेन्सर साधारण वीस अंशांच्या शंकूत पाहतो. दहा मीटर खोलीवर त्याला तळाचं जेमतेम साडेतीन मीटर व्यासाचं वर्तुळ दिसतं. तीन मीटर पाण्यात ते एका मीटरच्या आसपास येतं. शेजारून गेलेल्या नावेला खुंट दिसला नाही यात नवल काहीच नाही.

तळही बदलत राहतो. गाळ साठतो, आणि २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत तो उपसलाही जातो. त्यामुळे जुन्या नकाशात सपाट दिसणाऱ्या तलावात आता खड्डे आणि मधे सोडलेले उंचवटे असू शकतात. गोसीखुर्दमध्ये नागपूरचं सांडपाणी नाग नदी आणि कन्हानमार्गे पोचतं आणि जलपर्णी फोफावते. दाट वनस्पतीवर किंवा पातळ गाळाच्या थरावर सोनार खोटा तळ धरतो. तिथे बांबूने मोजल्याशिवाय आकडा लिहूच नका.

जलाशयाच्या गाळाचं सरकारी सर्वेक्षण उपग्रहचित्रांवरूनही होतं. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था अशी कामं करते. ते साठवणक्षमतेसाठी उपयोगी आहे, नावेच्या वाटेसाठी नाही. उपग्रहाला वेगवेगळ्या तारखांना पाण्याची कड कुठवर होती तेवढंच दिसतं, वर्षातल्या सगळ्यात खालच्या पातळीच्या खालचा तळ त्यातून कळत नाही.

मग खरा नकाशा कसा मिळवायचा? माझं ठाम मत आहे की आपल्याकडे तो नावेतून कमी आणि पायी जास्त बनतो. एप्रिल-मे महिन्यात पाणी उतरतं आणि गाळपेरीच्या, म्हणजे उघड्या गाळावर पेरायच्या, जमिनी उघड्या पडतात, तेव्हा फोन घेऊन तळावरून चाला. धानाच्या बांध्यांचे धुरे, विहिरी, घरांचे जोते, मोऱ्या, झाडांचे बुडखे, सगळ्यांवर जीपीएसची खूण टाका आणि टोक जमिनीपासून किती उंच आहे ते टेपने मोजून लिहा. जमिनीची उंची काढायला धरणाचीच पातळी वापरायची: पाण्याची कड ज्या दिवशी त्या बुडख्याच्या बुडाशी असेल, त्या दिवशीची पातळी हीच तिथल्या तळाची उंची. तिच्यात टोकाची उंची मिळवली की पाणी किती असताना वरून नाव जाईल ते कळतं. गाळपेर करणाऱ्या कास्तकाराला सोबत घ्या. कुठलं खुंट नांगराला लागतं ते त्याला पाठ असतं. संस्थेतल्या म्हाताऱ्या ढिवर (मच्छीमार समाजातल्या) मंडळींना बुडालेल्या गावाच्या गल्ल्या आठवत असतात, तेही लिहून घ्या.

जे कधीच उघडं पडत नाही तेवढंच नावेतून मोजा. जलाशय भरलेला आणि स्थिर असताना, वारा नसलेल्या सकाळी, माणूस भरभर चालतो तेवढ्या वेगाने. सगळा जलाशय मोजायच्या भरीस पडू नका. घाटापासून मासे वाढवायच्या पिंजऱ्यांपर्यंत आणि जाळी टाकायच्या जागांपर्यंतच्या वाटा पुरे. रेघा जुन्या पात्राला आडव्या, वीस-पंचवीस मीटर अंतराने घ्या आणि शेवटी त्यांना छेदणाऱ्या दोन-तीन रेघा मारा. छेदावर दोन्ही वेळचे आकडे वीस-तीस सेंटिमीटरच्या आत जुळले पाहिजेत. नाही जुळले तर पातळी, ऑफसेट किंवा वेग यांपैकी काहीतरी मधे बदललं आहे. रोजची पातळी फाइलच्या नावातच घाला, नंतर आठवत नाही.

७. सेन्सर, वायर, बॅटरी

सेन्सरच्या तोंडावरचं शेवाळ ओल्या मऊ कापडाने पुसा. पात्याने किंवा पॉलिश पेपरने घासू नका. तोंड तळाकडे सरळ आहे का पाहा. डोंग्यात मागे वजन वाढलं की सेन्सर तिरका होतो आणि खोली जास्त दाखवतो. वेगात आकडा जात असेल तर सेन्सरखालून बुडबुडे जात आहेत. तो थोडा खाली किंवा पंख्यापासून दूर घ्या.

कठीण मुरमाड तळावर उथळ पाण्यात आवाज दोनदा आपटून येतो आणि स्क्रीनवर दुप्पट खोलीवर दुसरी रेष उमटते. वरची रेष खरी. संवेदनशीलता कमी करा आणि खोलीची मर्यादा स्वयंचलित न ठेवता हाताने लावा. दोन फुटांपेक्षा कमी पाण्यात अनेक यंत्रं आकडा देतच नाहीत, किंवा शेवटचा आकडा तसाच धरून ठेवतात. ही स्थिती सर्वांत धोक्याची, कारण स्क्रीनवर सगळं ठीक दिसतं.

इंजिन चालू केल्यावरच स्क्रीनवर ठिपके येत असतील तर यंत्राला वेगळी बॅटरी लावून पाहा. सेन्सरची वायर इंजिनच्या वायरींपासून लांब न्या. १२ व्होल्टची बॅटरी भरलेली आणि विश्रांतीत असताना १२.६ च्या आसपास दाखवते. भार पडताच ती ११ च्या खाली जात असेल तर आधी बॅटरी बदला, मग यंत्राबद्दल बोलू.

८. पत्र्याची चाचणी

सगळं करूनही बांबू आणि सोनार जुळत नसतील तर ही शेवटची घरगुती चाचणी. खोल आणि स्थिर पाण्यात सपाट लोखंडी पत्रा चार दोऱ्यांनी आडवा बांधा आणि सेन्सरच्या बरोबर खाली दोन मीटरवर सोडा. स्क्रीनवर त्याची रेष कुठे येते ते वाचा. मग चार मीटरवर सोडून पुन्हा वाचा. दोन्हीकडे सारखाच फरक असेल तर ऑफसेट चुकला आहे. खोलीबरोबर फरक वाढत असेल तर पाण्याचं सेटिंग किंवा यंत्राचं गणित चुकलं आहे. पत्र्याची रेषच आली नाही तर सेन्सर एकदा तिरका-सरळ करून पाहा. तरीही आली नाही तर सेन्सर गेला असं धरा.

कुठे थांबायचं

सेन्सर फुटला असेल, वायर कापली गेली असेल किंवा यंत्रात पाणी शिरलं असेल तर स्वतः उघडू नका. सेन्सरची वायर साध्या जोडाने जोडली की संदेश बिघडतो आणि आकडा अर्धवट खरा येतो. तो बंद यंत्रापेक्षा वाईट. जाणकार दुरुस्तीवाल्याकडे द्या. पत्र्याच्या चाचणीत खोलीबरोबर वाढणारी चूक आली आणि सेटिंग बदलूनही ती गेली नाही, तरीही तेच करा.

पिंजरा-संवर्धनाचा नांगर टाकायचा असेल, प्रवासी नाव चालवायची असेल किंवा घाट बांधायचा असेल, तर फिशफाइंडरचा नकाशा पुरत नाही. त्यासाठी जलमापन सर्वेक्षण करणारे अभियंते बोलवा. त्यांची उपकरणं जागा सेंटिमीटरमध्ये धरतात आणि पातळी धरणाच्या खुणेशी बांधतात. धरणाची भिंत, दारं आणि कालव्याचं तोंड यांच्याजवळ मोजणी करायची झाल्यास आधी पाटबंधारे शाखेची लेखी परवानगी घ्या. दारं उघडायची सूचना असेल त्या दिवशी कुठल्याही कारणाने नाव तिकडे नेऊ नका.

दुरुस्तीवाल्याकडे किंवा अभियंत्याकडे जाताना बांबू, सोनार आणि नकाशा यांच्या आकड्यांची वही, त्या त्या दिवशीची पाणीपातळी, ऑफसेटचा आकडा, पत्र्याच्या चाचणीचे दोन्ही निकाल आणि स्क्रीनचे फोटो सोबत न्या. एवढं हातात असलं की तो पहिल्या दिवशीच कामाला लागतो आणि तुमची दुसरी फेरी वाचते.